हंफ्री डेव्ही

सर हंफ्री डेव्ही (जन्म : १७ डिसेंबर १७७८, पेन्झान्स, कॉर्नवॉल, इंग्लंड, मृत्यू : २९ मे १८२९, जिनिव्हा, स्वित्झर्लंड) हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ होते. विद्युत् अपघटनाच्या साहाय्याने पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम हे धातू त्यांनी प्रथम वेगळे केले. क्लोरीन हे संयुग नसून मूलद्रव्य आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. कोळशाच्या खाणीत वापरावयाच्या सुरक्षादीपामुळे त्यांचे नाव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. या दिव्याच्या निमित्ताने त्यांनी ज्योतीचा जो अभ्यास केला, त्यातून ज्योतीत काजळी कोठे तयार होते, ती प्रकाश कशी देते आणि शेवटी कशी जळून जाते, याचे पहिले प्रयोगसिद्ध स्पष्टीकरण मिळाले. ज्वलनशास्त्रातील काजळीविषयक आधुनिक संशोधनाची सुरुवात या कार्यापासून मानता येते.

जन्म, बालपण व शिक्षण

डेव्ही यांचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात झाला. हा भाग तांबे व कथील यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. त्यांचे वडील रॉबर्ट डेव्ही हे लाकडावर कोरीव काम करीत, तर आईचे नाव ग्रेस होते. पाच भावंडांत हंफ्री हे थोरले होते. इ.स. १७९४ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबावर कर्जाचा भार पडला. पुढील वर्षी हंफ्री यांना पेन्झान्समधील जॉन बिंगहॅम बोरलेस या शल्यवैद्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. औषधे तयार करता करता त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. विद्यापीठात त्यांचे शिक्षण कधीच झाले नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचा ग्रंथ त्यांनी स्वतःच वाचला आणि घरातील भांडी व औषधालयातील साहित्य वापरून प्रयोग केले. याच काळात ते कविताही लिहीत असत.

वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉट यांचे पुत्र ग्रेगरी वॉट प्रकृतीच्या कारणास्तव पेन्झान्सला आले असता डेव्ही यांच्या घरी राहिले होते. त्यांचा आणि डेव्हीस गिल्बर्ट या विद्याव्यासंगी गृहस्थांचा परिचय तरुण हंफ्री यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

ब्रिस्टल येथील कार्य

इ.स. १७९८ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी डेव्ही ब्रिस्टल येथे डॉ. टॉमस बेडोज यांच्या संस्थेत दाखल झाले. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतील का, हे पाहण्यासाठी ही संस्था स्थापन झाली होती. येथे डेव्ही यांनी नायट्रस ऑक्साइड या वायूचा, म्हणजेच हास्यवायूचा, सखोल अभ्यास केला. या वायूमुळे वेदना कमी होतात व शल्यक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्यांनी इ.स. १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुचविले. या सूचनेकडे जवळजवळ चार दशके कोणाचेही लक्ष गेले नाही.

डेव्ही वायूंचे परीक्षण स्वतःवरच करीत असत. तापलेल्या कोळशावरून पाण्याची वाफ सोडली असता कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण तयार होते. हे मिश्रण हुंगण्याचा प्रयोग त्यांच्या जिवावर बेतला होता. कार्बन मोनॉक्साइडच्या विषारीपणाची पुरेशी जाणीव त्या काळी नव्हती. कार्बन आणि वाफ यांच्यातील हीच अभिक्रिया पुढे काजळीच्या अभ्यासातही महत्त्वाची ठरली.

इ.स. १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या निबंधांत डेव्ही यांनी उष्णता हा कॅलरिक नावाचा पदार्थ नसून कणांची गती आहे, असा विचार मांडला. मात्र त्याच निबंधांत प्रकाश हा पदार्थ असून तो ऑक्सिजनशी संयोग पावलेला असतो, अशीही कल्पना होती. या कल्पनेला प्रयोगांचा आधार नव्हता आणि तिच्यावर टीका झाली. घाईने केलेल्या या लेखनाचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. जळणाऱ्या पदार्थातून प्रकाश का बाहेर पडतो, या प्रश्नाकडे ते सतरा-अठरा वर्षांनी पुन्हा वळले, तेव्हा मात्र त्यांनी कल्पनेऐवजी प्रयोगाचा आधार घेतला.

रॉयल इन्स्टिट्यूशन

इ.स. १८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्याते म्हणून आले आणि पुढील वर्षी तेथेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रयोगांनी सजलेल्या त्यांच्या व्याख्यानांना लंडनमधील स्त्रीपुरुषांची मोठी गर्दी होत असे.

व्होल्टा यांनी इ.स. १८०० मध्ये जाहीर केलेल्या विद्युत् घटमालेचा उपयोग करून डेव्ही यांनी रासायनिक संयुगांचे अपघटन करण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर १८०७ मध्ये वितळलेल्या पोटॅशमधून विद्युत् प्रवाह सोडून त्यांनी पोटॅशियम मिळविले. थोड्याच दिवसांत सोडियमही हाती आले. पुढील वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम आणि मॅग्नेशियम ही मूलद्रव्ये वेगळी झाली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असतानाही फ्रेंच विज्ञानसंस्थेने त्यांना पारितोषिक दिले. इ.स. १८१० मध्ये त्यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले.

रॉयल इन्स्टिट्यूशनसाठी वर्गणीतून उभारलेल्या दोन हजार जोड्यांच्या प्रचंड घटमालेने त्यांनी कोळशाच्या दोन तुकड्यांमध्ये विजेची झगझगीत कमान निर्माण करून दाखविली. अत्यंत तापलेला घन कार्बन किती तेजस्वी होऊ शकतो, याचे हे दर्शन होते.

एप्रिल १८१२ मध्ये डेव्ही यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच महिन्यात जेन ॲप्रिस या श्रीमंत विधवेशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस नायट्रोजन ट्रायक्लोराइड या स्फोटक द्रव्यामुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पुस्तकबांधणीचे काम करणाऱ्या मायकेल फॅरडे या तरुणाने त्यांच्या व्याख्यानांची टिपणे व्यवस्थित लिहून त्यांच्याकडे पाठविली होती. मार्च १८१३ मध्ये फॅरडे प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले.

हिरा आणि कोळसा

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही पत्नी व फॅरडे यांच्यासह युरोपच्या प्रवासास निघाले. पॅरिसमध्ये त्यांनी आयोडिनाचे परीक्षण करून ते मूलद्रव्य असल्याचा निष्कर्ष काढला. इ.स. १८१४ मध्ये फ्लॉरेन्स येथे तेथील ड्यूकच्या संग्रहातील मोठ्या बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्यांनी ऑक्सिजनमध्ये हिरा जाळला. ज्वलनानंतर कार्बन डायऑक्साइडखेरीज दुसरे काहीही निर्माण झाले नाही. हिरा हा कार्बनच असल्याविषयी लाव्हाझिए व स्मिथसन टेनंट यांनी पूर्वीच पुरावे दिले होते. डेव्ही यांच्या प्रयोगाने त्याला बळकटी मिळाली. हिरा, लोणारी कोळसा आणि दिव्याची काजळी यांतील फरक मूलद्रव्याचा नसून कणांच्या रचनेचा असला पाहिजे, या विचाराकडे हे प्रयोग घेऊन जाणारे होते.

कोळसाखाणीतील स्फोट व सुरक्षादीप

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कोळसाखाणी अधिकाधिक खोल जाऊ लागल्या होत्या. कोळशाच्या थरांतून बाहेर पडणारा ज्वालाग्राही वायू, जो मुख्यतः मिथेन असतो, तो हवेत मिसळल्यावर उघड्या ज्योतीने पेट घेई. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असताना हे मिश्रण स्फोटक ठरते. खाणीत उजेडासाठी मेणबत्ती लागे आणि तीच मृत्यूचे कारण होई. २५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळील फेलिंग येथील खाणीत झालेल्या स्फोटात ९२ पुरुष व मुले मरण पावली. तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी ही हकिकत प्रसिद्ध केली. त्यानंतर खाणींतील अपघात टाळण्यासाठी संडरलंड येथे एक मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या वतीने डॉ. रॉबर्ट ग्रे यांनी इ.स. १८१५ मध्ये डेव्ही यांना साकडे घातले.

ऑगस्टमध्ये डेव्ही न्यूकॅसल परिसरात गेले व जॉन बडल या अनुभवी खाणतज्ज्ञाशी त्यांनी चर्चा केली. खाणीतील वायूचे नमुने लंडनला मागवून त्यांनी प्रयोग सुरू केले. हा वायू पेटण्यास इतर ज्वालाग्राही वायूंपेक्षा अधिक तापमान लागते, तसेच धातूच्या अरुंद नळीतून त्याची ज्योत पुढे सरकू शकत नाही, असे त्यांना आढळले. धातू उष्णता झपाट्याने शोषून घेतो, त्यामुळे ज्योतीचे तापमान उतरते आणि ती विझते. ९ नोव्हेंबर १८१५ रोजी त्यांनी हे निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. नळ्यांऐवजी तारेची बारीक जाळी वापरली तरी तोच परिणाम साधतो, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेल्या जाळीच्या नळकांड्यात ज्योत बंद करून त्यांनी दिवा तयार केला. हवा व वायू जाळीतून आत जात, आतला वायू जळे, पण ज्योत बाहेर पडत नसे. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्न येथील खाणीत या दिव्याची चाचणी यशस्वी झाली.

या दिव्याचा दुसरा उपयोग असा, की हवेत ज्वालाग्राही वायू असल्यास ज्योतीवर फिकट निळी टोपी चढलेली दिसे आणि कामगारांना धोक्याची सूचना मिळे.

एकस्व घेतल्यास मोठे उत्पन्न मिळेल असा सल्ला मित्रांनी दिला असताही डेव्ही यांनी दिव्याचे एकस्व घेतले नाही. हे काम मानवसेवेचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. इ.स. १८१७ मध्ये खाणमालकांनी त्यांना चांदीची भांडी अर्पण केली आणि पुढील वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

स्टीफन्सन यांच्याशी वाद

किलिंगवर्थ खाणीतील यंत्रकारागीर व पुढे रेल्वेमुळे जगप्रसिद्ध झालेले जॉर्ज स्टीफन्सन यांनीही त्याच काळात बारीक छिद्रांतून हवा घेणारा दिवा तयार केला होता. २१ ऑक्टोबर १८१५ रोजी, म्हणजे डेव्ही यांच्या निवेदनाच्या आधीच, त्यांनी तो खाणीत नेऊन पाहिला होता. विज्ञानाचे औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसाला हे स्वतंत्रपणे सुचले असेल, यावर डेव्ही यांचा विश्वास बसला नाही व त्यांनी स्टीफन्सन यांच्यावर कल्पना चोरल्याचा आरोप केला. न्यूकॅसलमधील समर्थकांनी स्टीफन्सन यांच्यासाठी स्वतंत्र निधी उभारला. दोघांनीही आपापल्या परीने स्वतंत्रपणे काम केले होते, असे आता सामान्यतः मानले जाते. त्याआधीच, इ.स. १८१३ मध्ये, डॉ. विल्यम रीड क्लॅनी यांनीही एक सुरक्षादीप तयार केला होता.

दिव्याच्या मर्यादा

सुरक्षादीपामुळे खाणीतील मृत्यू थांबले नाहीत. जोराच्या वाऱ्याच्या झोतात ज्योत जाळीबाहेर ढकलली जाई. वायू आतच जळत राहिल्यास जाळी लाल होई. गंजलेल्या किंवा फाटलेल्या जाळीचा उपयोग होत नसे. जाळीमुळे उजेडही मंद पडे, म्हणून काही कामगार ती काढून ठेवीत. याहून गंभीर बाब अशी, की पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेले थर या दिव्याच्या भरवशावर पुन्हा खणले जाऊ लागले आणि हवा खेळती ठेवण्याच्या खर्चाकडे दुर्लक्ष झाले. खाणीतील अपघातांची चौकशी करणाऱ्या इ.स. १८३५ च्या संसदीय समितीपुढे डरॅम व नॉर्थंबरलंड भागातील मृत्यूंचे आकडे आले. दिवा आल्यानंतरच्या काळातील मृत्यू आधीच्या तितक्याच काळातील मृत्यूंहून अधिक होते. खाणकामाचा विस्तार हेही त्याचे कारण होते. तथापि, सुरक्षेचे साधन हाती आल्याने सुरक्षितता आपोआप येत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

ज्योत व काजळी यांविषयीचे संशोधन

सुरक्षादीपावर काम करताना एक गोष्ट डेव्ही यांच्या लक्षात आली. जाळीच्या आत वायू व हवा यांचे मिश्रण जळते, तेव्हा उष्णता पुष्कळ असूनही उजेड अगदी मंद व निळसर असतो. याउलट, साधी दिवाबत्तीची ज्योत पिवळी व तेजस्वी असते. याचे कारण शोधण्यासाठी त्यांनी केलेले प्रयोग इ.स. १८१७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पहिल्या प्रयोगात त्यांनी कोळशाच्या वायूचा बारीक झोत सोडून त्यावर तारेची जाळी धरली व जाळीच्या वरच्या बाजूस वायू पेटविला. जाळी नळीच्या तोंडाजवळ असताना ज्योत नेहमीसारखी तेजस्वी होती. जाळी वर उचलत नेली, तसतशी पेटण्यापूर्वी वायूत अधिकाधिक हवा मिसळू लागली आणि उजेड कमी होत होत ज्योत निळी झाली. परंतु या निळ्या ज्योतीची उष्णता मात्र वाढली होती. तिच्यात धरलेली प्लॅटिनमची तार क्षणात पांढरीशुभ्र तापली.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी नळीच्या तोंडाशी पेटलेल्या ज्योतीत जाळी आडवी धरून शेंड्याकडून बुडाकडे हळूहळू खाली आणली. ज्योतीच्या शेंड्याशी जाळीवर कार्बन आढळला नाही. जाळी खाली येऊ लागताच काजळी भरपूर प्रमाणात सुटू लागली. जाळीने ज्योत थंड केल्यामुळे ती जळू शकली नव्हती. अगदी तळाशी, जेथे वायूला बाहेरची हवा थेट मिळते व ज्योत निळी असते, तेथे काजळी पुन्हा दिसेनाशी झाली.

या दोन प्रयोगांवरून डेव्ही यांनी पुढील निष्कर्ष काढला. ज्योतीच्या आतल्या भागात हवा फार कमी पोहोचते. तेथे इंधनवायूचे उष्णतेने विघटन होऊन घन कार्बनाचे सूक्ष्म कण वेगळे होतात. हे कण तापून प्रकाशमान होतात व ज्योतीला तिचा पिवळा उजेड देतात. नंतर वर व बाहेर जाताना त्यांना हवा मिळते आणि ते जळून जातात. म्हणून निरोगी ज्योतीच्या शेंड्यापाशी काजळी उरत नाही. हवा अपुरी पडली किंवा ज्योत थंड झाली, तर तेच कण धूर होऊन बाहेर पडतात. कंदिलाची वात अधिक वर केली की काच काळी होते, यामागे हेच कारण आहे.

इतर ज्योतींनाही त्यांनी हा नियम लावून पाहिला. हायड्रोजन किंवा गंधक जळताना घन पदार्थ तयार होत नाही, म्हणून त्यांच्या ज्योती फिक्या असतात. फॉस्फरस किंवा जस्त जळताना घन ऑक्साइड तयार होते, म्हणून त्या झगझगीत असतात. ज्योत म्हणजे अतिशय तापलेला वायू होय आणि तिचा उजेड व तिची उष्णता या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे या संशोधनाचे सार होते. ज्वलन व ज्योत यांवरील कार्यासाठी रॉयल सोसायटीने त्यांना इ.स. १८१६ चे रंफर्ड पदक दिले.

याच मालिकेत त्यांना आणखी एक आश्चर्यकारक गोष्ट आढळली. तापविलेली प्लॅटिनमची बारीक तार ज्वालाग्राही वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली असता ज्योत नसतानाही ती लाल राहते. वायूचा हवेशी संयोग तारेच्या पृष्ठभागावरच होत असतो. पुढे बर्झीलियस यांनी उत्प्रेरण असे नाव दिलेल्या घटनेचे हे आरंभीचे एक महत्त्वाचे उदाहरण होय.

सिद्धांताची पुढील वाटचाल

डेव्ही यांचा सिद्धांत सर्वत्र पोहोचविण्याचे श्रेय मुख्यत्वे फॅरडे यांचे आहे. मेणबत्तीवरील प्रसिद्ध व्याख्यानांत मुलांसमोर ज्योतीतील काजळी काढून दाखवून त्यांनी तो समजावून सांगितला. इ.स. १८५५ च्या सुमारास हायडलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या बर्नरमध्ये पेटण्यापूर्वीच वायूत हवा मिसळली जाते. जाळी वर उचलून डेव्ही यांनी जे दाखविले होते, त्याच तत्त्वावर त्याची काजळीविरहित निळी ज्योत आधारलेली आहे.

एडवर्ड फ्रँकलंड यांनी इ.स. १८६० नंतरच्या दशकात या सिद्धांताला आव्हान दिले. हायड्रोजनसारखा वायू मोठ्या दाबाखाली ऑक्सिजनमध्ये जाळल्यास घन कण नसतानाही ज्योत तेजस्वी होते, असे त्यांनी दाखविले. म्हणून मेणबत्तीचा उजेड घन कार्बनापासून नव्हे, तर दाट हायड्रोकार्बन बाष्पांपासून येतो, असे त्यांचे मत होते. यावर बराच काळ चर्चा चालली. सूर्यप्रकाशाचा एकवटलेला झोत तेजस्वी ज्योतीतून नेला असता तो विखुरतो व ध्रुवित होतो, असे पुढे आढळले. हे लक्षण सूक्ष्म कणांचे आहे. त्यामुळे सामान्य पिवळ्या ज्योतीपुरते डेव्ही यांचे म्हणणे टिकले. मात्र कण तयार होण्यापूर्वी जड हायड्रोकार्बनांची एक अवस्था असते, हा फ्रँकलंड यांच्या विचारातील अंशही पुढे उपयुक्त ठरला.

आधुनिक विज्ञानाच्या दृष्टीने काजळीची घडण

हायड्रोकार्बन इंधनाचे थेट सुट्या कार्बनमध्ये विघटन होते, अशी डेव्ही यांची समजूत होती. प्रत्यक्षात ही प्रक्रिया अनेक पायऱ्यांची आहे. ऑक्सिजन अपुरा असलेल्या उष्ण भागात इंधनाचे रेणू तुटून ॲसिटिलिनसारखे लहान रेणू तयार होतात. त्यांच्या संयोगातून बेंझिनचे षट्कोनी वलय बनते. वलयाला वलय जोडले जाऊन अनेक वलयांची सुगंधी संयुगे तयार होतात. असे मोठे रेणू एकत्र येऊन काही नॅनोमीटर आकाराचे पहिले कण जन्मतात. आजूबाजूच्या ॲसिटिलिनशी पृष्ठभागावर अभिक्रिया होऊन हे कण वाढतात, परस्परांवर आदळून मोठे होतात व शेवटी गोलाकार कणांच्या साखळ्या बनतात. अशा एकेका गोल कणाचा व्यास साधारणतः काही दशांश नव्हे, तर काही दशक नॅनोमीटर असतो.

याच वेळी काजळीचा नाशही सुरू असतो. ऑक्सिजनचे रेणू कणाच्या पृष्ठभागावरील कार्बनशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड तयार करतात. ज्योतीत जेथे ऑक्सिजन थोडा असतो, तेथे हायड्रॉक्सिल हा अत्यंत क्रियाशील मूलक हे काम मोठ्या प्रमाणात करतो. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशीही तप्त काजळीची अभिक्रिया होते, परंतु ती बरीच मंद असते. ब्रिस्टलमध्ये डेव्ही यांनी हुंगलेला घातक वायू वाफ व कार्बन यांच्या अशाच अभिक्रियेतून तयार झाला होता. तापमान सुमारे १,००० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले, की ज्योतीतील काजळीचे ज्वलन जवळजवळ थांबते व उरलेले कण धुरात मिसळतात. घडण आणि ज्वलन यांच्या या शर्यतीवर ज्योत धूर सोडील की नाही, हे अवलंबून असते. जाळीने ज्योत थंड करून डेव्ही यांनी ही शर्यत मध्येच थांबविली होती.

आजच्या डिझेल वाहनांतील धूरगाळणीत साठलेली काजळी जाळण्यासाठी अनेकदा प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकाची मदत घेतली जाते. धुरातील नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड बनते व तो वायू ऑक्सिजनच्या तुलनेत कमी तापमानाला काजळी जाळतो. काजळी आणि प्लॅटिनम या डेव्ही यांच्या इ.स. १८१७ मधील संशोधनाच्या दोन विषयांची येथे भेट होते.

हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या

व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या प्राचीन नगरात पपायरसच्या काळ्या पडलेल्या गुंडाळ्या सापडल्या होत्या. त्या उलगडण्याच्या कामी डेव्ही इ.स. १८१८ ते १८२० या काळात इटलीत गेले. प्राचीन शाई काजळीसारख्या कार्बनापासून बनविलेली असल्याने क्लोरीन वायूचा तिच्यावर परिणाम होणार नाही, परंतु पाने चिकटविणारा पदार्थ मात्र सुटा होईल, असा त्यांचा तर्क होता. काही गुंडाळ्यांचे थोडे भाग उलगडले, पण तेथील अधिकाऱ्यांशी न जमल्याने त्यांनी काम सोडले.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद

इ.स. १८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. लाकूड कोरणाऱ्याच्या मुलाने हे पद मिळविणे ही मोठी गोष्ट होती. परंतु हा काळ त्यांना सुखाचा गेला नाही. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला लावलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्याने झिजत असे. त्याला लोखंड किंवा जस्ताचे तुकडे जोडल्यास झीज थांबते, हे त्यांनी इ.स. १८२४ मध्ये दाखविले. तत्त्व बरोबर होते, पण तांबे विरघळेनासे झाल्यामुळे शिंपले व वनस्पती तळाला चिकटू लागल्या आणि जहाजांचा वेग मंदावला. ही योजना सोडून द्यावी लागली व डेव्ही यांच्यावर टीका झाली.

फॅरडे यांच्याशी असलेले त्यांचे संबंधही या काळात बिघडले. फॅरडे यांच्या रॉयल सोसायटीतील सदस्यत्वाला डेव्ही यांनी विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये फॅरडे निवडून आले. त्यांच्या विरोधात केवळ एक मत पडले. फॅरडे यांनी मात्र आपल्या गुरूविषयीचा आदर पुढेही राखला.

अखेरचे दिवस

इ.स. १८२६ च्या अखेरीस डेव्ही यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि पेन्झान्सच्या दिवसांतील त्यांचे स्नेही डेव्हीस गिल्बर्ट त्या पदावर आले. प्रकृती सुधारावी म्हणून डेव्ही युरोपात हिंडत राहिले. या काळात त्यांनी मासेमारीवर एक पुस्तक आणि प्रवास व जीवनचिंतन यांवर दुसरे पुस्तक लिहिले. दुसरे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. २९ मे १८२९ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले व तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. त्यांना अपत्य नव्हते.

वारसा

खाणमालकांनी दिलेली चांदीची भांडी डेव्ही यांचे बंधू जॉन डेव्ही यांच्या मृत्यूनंतर विकण्यात आली व त्या रकमेतून रॉयल सोसायटीने डेव्ही पदक सुरू केले. इ.स. १८७७ मध्ये हे पदक प्रथम रॉबर्ट बुन्सेन व गुस्टाव्ह किरखोफ यांना देण्यात आले. पेन्झान्स येथे इ.स. १८७२ मध्ये उभारलेल्या पुतळ्यात डेव्ही यांच्या हाती सुरक्षादीप दाखविला आहे.

सुधारित स्वरूपातील ज्योतीचे सुरक्षादीप पुढे दीर्घकाळ खाणींत वायूची चाचणी घेण्यासाठी वापरले गेले. उजेडासाठी मात्र विजेच्या दिव्यांनी त्यांची जागा घेतली. ज्योतीच्या उजेडाचे कारण तिच्यातील अपूर्ण ज्वलनात आहे, हा डेव्ही यांचा निष्कर्ष आजही ज्वलनशास्त्राच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. चूल, भट्टी व इंजिन यांतून निघणारा धूर कमी करण्याच्या प्रयत्नांमागे तेच तत्त्व आहे.